मिठवणीत उतरलेली मिरची : जेनोव्हा ते कालाब्रिया

इटलीमध्ये ‘फोकाच्चा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चपट्या पावाचे नाव लॅटिनमधील ‘फोकुस’ या शब्दावरून आले असून त्या शब्दाचा मूळ अर्थ घरातली चूल असा होता. तापलेल्या चुलीच्या तळाशी किंवा निखाऱ्यांच्या राखेखाली भाजलेल्या भाकरीला रोमन लोक ‘पानिस फोकाचिउस’, म्हणजे चुलीतली भाकरी, असे म्हणत आणि पुढे याच ‘फोकुस’पासून इटालियन भाषेला विस्तवासाठी ‘फुओको’ हा शब्द मिळाला. विदर्भात आणि मराठवाड्यात गोवऱ्यांच्या आरात भाजल्या जाणाऱ्या रोडग्यांशी या भाकरीचे वंशाचे नाते नाही, परंतु कणकेचा गोळा थेट विस्तवाच्या हवाली करण्याची जी रीत पुष्कळ समाजांत स्वतंत्रपणे रुजली, तिची ही दोन रूपे आहेत एवढे म्हणता येते. दक्षिण फ्रान्समधील ‘फुगास’, स्पेनमधील ‘ओगाथा’ आणि बाल्कन प्रदेशातील ‘पोगाचा’ ही पावांची नावेही त्याच लॅटिन मुळातून निघालेली आहेत. नाव दूरवर पसरले आणि पदार्थ मात्र प्रत्येक ठिकाणच्या धान्याप्रमाणे, तेलाप्रमाणे व भट्टीप्रमाणे वेगळा होत गेला.

खुद्द इटलीतही फोकाच्चा हा एक पदार्थ नसून ते एक कुटुंब आहे. पुलिया प्रांतातील बारी शहरात तो रव्यासारख्या पिवळसर गव्हाच्या पिठात उकडलेला बटाटा कुस्करून, वर लहान टोमॅटो आणि ऑलिव्ह दाबून केला जातो. टस्कनीत त्याचा भाऊबंद ‘स्क्याच्चाता’, म्हणजे ‘दाबून चपटा केलेला’, द्राक्षांच्या हंगामात द्राक्षे घालूनही भाजतात. तथापि ‘फोकाच्चा’ हा शब्द कोणतेही विशेषण न लावता उच्चारला, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वायव्येकडील लिगुरिया प्रांताची राजधानी जेनोव्हा, म्हणजे मराठी पुस्तकांतून जिनोआ या नावाने परिचित असलेले बंदर, उभे राहते आणि म्हणूनच या पावाच्या तिखट अवताराचा माग घेणारा प्रवास तेथून सुरू होणे सयुक्तिक ठरते. मूळ जेनोवी कृतीत मिरची नाही. ती का नाही, आणि ज्या प्रदेशात ती आहे तेथून तिला या पावापर्यंत कसे आणता येईल, या दोन प्रश्नांनी प्रस्तुत लेखकाला जेनोव्हापासून इटलीच्या बुटाच्या टोकापर्यंत, किनाऱ्याने जाणाऱ्या आगगाडीतून, सुमारे हजार किलोमीटर खाली नेले.

जेनोव्हाच्या ‘पियात्सा प्रिंचिपे’ स्थानकातून बाहेर पडताच समोरच्या चौकात ख्रिस्तोफर कोलंबसाचे १८६२ मध्ये अनावरण झालेले संगमरवरी स्मारक दिसते, आणि मिरचीच्या शोधात आलेल्या प्रवाशासाठी हे स्वागत अर्थपूर्ण आहे, कारण युरोपात मिरची आली ती या विणकराच्या मुलाच्या सफरींमुळे. स्मारकाकडे पाठ करून बंदराच्या दिशेने उतरू लागले की ‘कारुज्जी’ लागतात. ‘कारुज्जी’ म्हणजे जुन्या शहरातील इतक्या अरुंद गल्ल्या की दोन्ही बाजूंच्या उंच घरांमधून आकाशाची एक पट्टी तेवढी दिसावी. या गल्ल्यांत पहाटेपासून भाजलेल्या पिठाचा आणि गरम तेलाचा वास रेंगाळत असतो, आणि नवख्या माणसाला नकाशापेक्षा त्या वासाच्या आधाराने भट्टी लवकर सापडते. बंदराला लागून असलेल्या ‘सोत्तोरीपा’ या मध्ययुगीन कमानींच्या ओळीखाली तळलेली मासळी, चण्याच्या पिठाचे पोळे आणि फोकाच्चा विकणारी लहान दुकाने आजही आहेत. बंदरात जहाजे रिकामी करणाऱ्या कष्टकऱ्यांना, हातात धरून खाता येणारे आणि पोटाला आधार देणारे अन्न या कमानींखाली मिळत असे. या कष्टकऱ्यांना जेनोवी बोलीत ‘कामाल्ली’ म्हणतात, आणि हा शब्द अरबी ‘हम्माल’ या शब्दापासून आलेला आहे. मराठीतला ‘हमाल’ही त्याच अरबी शब्दाचे अपत्य असल्यामुळे, मुंबईच्या गोदीतला आणि जेनोव्हाच्या धक्क्यावरचा माणूस एकाच नावाने ओळखला जातो हे कळल्यावर त्या कमानींखालचे परकेपण बरेच ओसरते.

जेनोव्हात फोकाच्चाला ‘फुगास्सा’ म्हणतात, तो वजनावर विकला जातो, आणि त्याच्या कापलेल्या तुकड्याला ‘स्लेर्फा’ असा खास स्थानिक शब्द आहे. जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर, वरची बाजू सोनेरी आणि तेलाने चमकणारी, मध्ये पांढरे ओलसर खळगे, आतला भाग मऊ असला तरी पावासारखा भुसभुशीत नव्हे, असे त्याचे रूप असते. तेथील लोक तो सकाळच्या न्याहारीला खातात आणि पुष्कळ जण दुधाळ कॉफीत बुडवून खातात. खारट, तेलकट पाव गोडसर कॉफीत बुडवण्याची कल्पना बाहेरच्या माणसाला प्रथम विचित्र वाटते, परंतु खारी किंवा बटर चहात बुडवून खाण्यात वाढलेल्या मराठी माणसाला तिचे मर्म लगेच उमगावे. आणखी एक सवय अशी की जाणकार जेनोवी माणूस तुकडा उलटा करून तोंडात घालतो, म्हणजे मिठाची आणि तेलाची वरची बाजू थेट जिभेवर टेकते. ही सवय म्हणजे पाव कसा चाखावा याचे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेले ज्ञान आहे, आणि तिखट फोकाच्चाच्या बाबतीत ते किती कामाचे ठरते हे पुढे दिसेल.

या पावाचे सारे वैशिष्ट्य एका द्रवात आहे. जेनोवी भटारी त्याला ‘सालामोइया’ म्हणतात; मराठीत कैऱ्या किंवा लिंबे मुरवण्यासाठी जे मिठाचे पाणी करतात त्याला मिठवणी म्हणतात, आणि तोच शब्द येथे चपखल बसतो, फरक इतकाच की जेनोवी मिठवणीत पाणी आणि मीठ यांच्या जोडीला ऑलिव्हचे तेलही असते आणि ते तिन्ही एकजीव होईपर्यंत घुसळले जाते. पत्र्यावर पसरून फुगलेल्या कणकेत बोटांची पेरे सपाट ठेवून खोल खळगे पाडले जातात, त्यांवर ही मिठवणी सढळ हाताने ओतली जाते, आणि मग कणीक पुन्हा फुगू दिली जाते. भट्टीत गेल्यावर खळग्यांत साचलेले पाणी आटेपर्यंत तेथील तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर चढू शकत नाही, म्हणून खळगे पांढरे आणि मऊ राहतात. खळग्यांमधल्या उंचवट्यांवर पाणी टिकत नाही, तेथे तापमान बरेच वर जाते आणि पिठातील साखर व प्रथिने यांच्या परस्परक्रियेतून सोनेरी रंग व खमंगपणा येतो. एकाच पावाच्या एकाच पृष्ठभागावर बोटभर अंतराने उकडलेला आणि भाजलेला असे दोन गुण नांदतात ते या पाण्यामुळे. अनेक नव्या पाककृतींत खळग्यांवर नुसते तेल ओतण्यास सांगितलेले असते. तो पाव चांगला होत असेल, पण त्यात खळग्यांचे प्रयोजनच हरवते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

तेलाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. लिगुरिया हा समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये चिंचोळ्या पट्टीसारखा पसरलेला प्रांत असून गव्हाला लागणारी सपाट जमीन तेथे फारच थोडी आहे. मध्ययुगात जेनोव्हाचे गहू सिसिलीतून आणि काळ्या समुद्राच्या बंदरांतून जहाजाने येत. डोंगरउतारावर दगडांचे कोरडे बांध रचून केलेल्या पायऱ्यांच्या शेतांत मात्र ऑलिव्ह उत्तम येते, विशेषतः ‘ताज्जास्का’ नावाचे बारीक फळाचे वाण, ज्याचे तेल सौम्य, किंचित गोडसर आणि बदामाची आठवण करून देणारे असते. ‘रिव्हिएरा लिगुरे’ या नावाने त्याला १९९७ पासून युरोपीय संघाचे उगमस्थानाचे संरक्षण आहे. हे सौम्य तेल पावाच्या चवीला आधार देते, तिच्यावर स्वार होत नाही. दक्षिणेकडची कडवट, घशाला चरचरणारी तेले याच पावात वेगळाच परिणाम साधतात.

जेनोव्हाच्या पूर्वेला रेक्को या गावी फोकाच्चाचा आणखी एक प्रकार होतो, ज्यात खमीर अजिबात नसते. पापुद्र्यासारख्या पातळ लाटलेल्या दोन थरांमध्ये ताजे, आंबूस, मऊ चीज घालून तो भाजतात, आणि २०१५ पासून त्याचे नाव रेक्को, कामोल्यी, सोरी व आवेन्यो या चार गावांपुरते कायद्याने राखून ठेवलेले आहे. सोत्तोरीपामध्ये मिळणारी ‘फारिनाता’ चण्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यांतून, तांब्याच्या मोठ्या परातीसारख्या भांड्यात, लाकडाच्या भट्टीत भाजली जाते. बेसनाच्या पोळ्याची सवय असलेली जीभ तिला चटकन ओळखते आणि तितक्याच चटकन तिच्यात मिरची शोधू लागते. मिरची तेथेही नसते. असते ती भरडलेली काळी मिरी.

येथे मूळ प्रश्नाकडे वळावे लागते. मध्ययुगात जेनोव्हा आणि व्हेनिस ही दोन नगरराज्ये पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावर श्रीमंत झाली आणि त्या व्यापारातील सर्वांत महत्त्वाचा जिन्नस होता मलबारच्या किनाऱ्यावरून अलेक्झांड्रियामार्गे येणारी काळी मिरी. पश्चिमेकडून आशियाला पोहोचण्याच्या आशेने १४९२ मध्ये निघालेल्या कोलंबसाच्या अपेक्षित संपत्तीत मसालेही होते. त्याला मिरी मिळाली नाही, कॅरिबियन बेटांवर मिळाली ती तेथील लोक ‘अही’ म्हणत ती मिरची, आणि तिची नोंद त्याने मिरीचाच एक प्रकार समजून केली. ही गफलत केवळ त्याची राहिली नाही, ती भाषांत रुजली. इटालियनमध्ये मिरी म्हणजे ‘पेपे’ आणि मिरची म्हणजे ‘पेपेरोन्चीनो’, म्हणजे त्याच शब्दापासून निघालेले लाडके, लहान रूप. मराठीत मरीचापासून मिरी आणि मिरीच्याच कुळातून मिरची. पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या परक्या फळाला आपल्या पूर्वजांनी जुन्या ओळखीचे नाव दिले, आणि दोन दूरच्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच मार्ग पत्करला. मलबारच्या मिरीच्या ओढीने जेनोव्हाचा एक माणूस पश्चिमेला गेला, आणि त्यामुळे जे हाती लागले ते पोर्तुगीजांच्या हातून मलबारच्या शेजारी येऊन थडकले, हे वर्तुळ ध्यानात आले की प्रिंचिपे स्थानकासमोरचा तो पुतळा स्वयंपाकघराच्या इतिहासाचाही पुतळा वाटू लागतो.

मग जेनोव्हाने मिरची का स्वीकारली नाही? याचे एकच निर्णायक उत्तर देणे कठीण असले तरी एक कारण बरेच पटण्यासारखे आहे. मिरी ही विकत घ्यावी लागणारी, प्रतिष्ठेची वस्तू होती आणि व्यापारी शहराला ती सहज परवडत होती; मिरची मात्र कुंडीतही उगवते, वाळवली की वर्षभर टिकते आणि तिच्यासाठी कोणत्याही व्यापाऱ्याकडे जावे लागत नाही. ज्या वस्तूत व्यापार नाही तिचे व्यापारी शहराला आकर्षण नसणे स्वाभाविक आहे. शिवाय लिगुरियाच्या स्वयंपाकाची प्रकृती तुळशीच्या कुळातील बेसिल, मार्जोरम, अक्रोडासारखी फळे आणि सौम्य तेल यांवर पोसलेली आहे, तिला तिखटाची उणीव भासली नाही. उणीव भासली ती दक्षिणेला, जेथे मिरी परवडत नव्हती.

आगगाडी पिसा, रोम, नेपल्स ओलांडून सालेर्नोच्या खाली गेली की डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला तिऱ्हेनियन समुद्र अशी जी चिंचोळी वाट लागते, ती कोकण रेल्वेची आठवण करून देणारी आहे, बोगद्यातून बाहेर पडताच क्षणभर समुद्र आणि लगेच पुन्हा अंधार. कालाब्रिया प्रांत येथून सुरू होतो. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून अठराव्याच्या आरंभापर्यंत हा प्रदेश नेपल्सच्या राज्याचा भाग म्हणून स्पेनच्या अमलाखाली होता, आणि स्पेनच्या जहाजांतून आलेली मिरची येथील गरीब शेतकऱ्याच्या परसात शिरली ती कायमचीच. कोरडा, कडक उन्हाळा तिला मानवला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येथील सज्जांवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत लटकलेल्या दिसतात. वाळवणाच्या दिवसांतल्या महाराष्ट्रातल्या अंगणांशी या दृश्याचे साम्य इतके आहे की त्याचे निराळे वर्णन करण्याची गरज उरत नाही.

दियामान्ते या किनाऱ्यावरच्या, भिंतीभिंतीवर चित्रे रंगवलेल्या गावात दर सप्टेंबरमध्ये मिरचीचा उत्सव भरतो. त्याची सुरुवात १९९२ मध्ये, म्हणजे कोलंबसाच्या पहिल्या सफरीला पाचशे वर्षे झाली त्या वर्षी, झाली. याच किनाऱ्यावर महाळुंगाच्या बागा आहेत, आणि सुक्कोत या सणाच्या पूजेसाठी निर्दोष महाळुंग निवडायला ज्यू धर्मगुरू दूरदूरच्या देशांतून येथे येतात. मिरचीच्या शोधात हा विषयांतराचा मोह आवरावा लागतो, पण महाळुंगाचे ते जाड, खडबडीत, सुगंधी फळ परक्या बाजारात हातात घेताना होणारा आनंद येथे नोंदवून ठेवावासा वाटतो.

आणखी दक्षिणेला, समुद्रात घुसलेल्या खडकावर वसलेले त्रोपेआ आहे, ज्याच्या परिसरातील लांबट, जांभळट, गोड कांदा २००८ पासून भौगोलिक संकेताने संरक्षित आहे. आणि तेथून थोडे आत, मोंते पोरो या पठाराच्या कडेला, स्पिलिंगा नावाचे लहान गाव. स्पिलिंगाची कीर्ती ‘न्दुया’ या पदार्थामुळे आहे. डुकराचे चरबीदार मांस आणि भरपूर वाळलेली मिरची एकत्र कुटून, जनावराच्या आंधळ्या आतड्यात भरून, धुरी देऊन महिनोन्‌महिने मुरवलेले हे मिश्रण इतके मऊ राहते की लोण्यासारखे पावावर फासता येते. भरपूर मिरची त्यात केवळ चवीसाठी नाही. गरिबांच्या वाट्याला येणारे कमी प्रतीचे, चरबीचे तुकडे खाण्यायोग्य करण्याचे आणि टिकवण्याचे काम मीठ, धूर आणि मुरवण यांच्या बरोबरीने तिनेही केले, असे तेथे मानले जाते. ‘न्दुया’ हा शब्द फ्रेंच ‘आंदुय’ या सॉसेजच्या नावावरून आल्याचे सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. गोव्यातील ‘चोरीस’ हा शब्दही तसाच पोर्तुगीज ‘शोरिसु’वरून आला आहे. दोन्हीकडे परक्या सत्तेचे नाव, डुकराचे मांस आणि समुद्रापलीकडून आलेली मिरची यांचा संगम झाला, आणि दोन्हीकडे हा संगम खाल्ला जातो तो खमिराच्या पावाबरोबर. गोव्यात पोदेराने पहाटे आणलेल्या पावात चोरीस घालतात. कालाब्रियाच्या पूर्व बाजूला कातान्झारो शहरात ‘पित्ता’ नावाच्या कड्यासारख्या चपट्या पावात, मिरची घातलेल्या टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेले आतड्यांचे तुकडे भरून कष्टकरी माणसे खात आली आहेत. तिखट आणि चपटा पाव यांची सोयरीक कालाब्रियात जुनीच आहे. राहिले होते ते एवढेच की या तिखटाला जेनोव्हाची मिठवणी भेटावी.

ही भेट घरच्या ओव्हनमध्ये घडवून आणण्याचा प्रयत्न त्रोपेआमध्ये आठवड्याभरासाठी भाड्याने घेतलेल्या घरात करण्यात आला. पहिल्या प्रयत्नात, मराठी सवयीला अनुसरून, मिरचीची पूड करून ती खळग्यांवर आणि उंचवट्यांवर सारखीच भुरभुरण्यात आली, आणि परिणाम वाईट झाला: सव्वादोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये बारीक पूड काही मिनिटांत करपली, पाव कडू लागला आणि छोट्याशा स्वयंपाकघरात असा खकाणा उठला की खिडक्या उघडूनही तो बराच वेळ निघेना. घरमालकीण बाई त्या खकाण्यानेच वर आल्या असाव्यात. त्यांनी पत्रा पाहिला, फडताळातून तेलाची बाटली काढली, आणि वाळलेली मिरची कात्रीने बारीक वळ्यांत कापत सांगितले की मिरचीला आग दाखवायची नसते, तिला तेलात बसवायचे असते. दक्षिण इटलीत मिरची मुरवलेल्या तेलाला ‘ओलिओ सांतो’, म्हणजे ‘पवित्र तेल’, असे नाव आहे.

त्या सांगण्यामागचे रसायन सरळ आहे. मिरचीचे तिखटपण ‘कॅप्सेसिन’ या द्रव्यात असते. ते बियांपेक्षा बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात अधिक साठलेले असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तेलात सहज विरघळते. म्हणून मिरची तेलात कोमट आचेवर मुरली की तिचा तिखटपणा आणि रंग तेलात उतरतो, तेल मिठवणीत मिसळले जाते, मिठवणी खळग्यांत बसते, आणि खळग्यांत पाणी आटेपर्यंत करपण्याचा प्रश्न येत नाही. जेनोव्हाची मिठवणी तिखटासाठी जणू आधीपासून तयार असलेले वाहन होते. पाणी मिठाला नेते, तेल तिखटाला. मिरची वाळलेलीच हवी, कारण ओली मिरची किंवा कच्चा लसूण तेलात बुडवून खोलीच्या तापमानात ठेवला तर हवाबंद ओलाव्यात बोट्युलिझम या घातक विषबाधेचे जंतू वाढू शकतात; लसणाचे तेल करायचेच असेल तर ते त्याच दिवशी वापरावे.

दुसऱ्या प्रयत्नाचे प्रमाण असे होते. अर्धा किलो मैदा, तीनशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, तीस ग्रॅम तेल, एक चमचा मध आणि तीन ग्रॅम कोरडे यीस्ट. पीठ, पाणी, मध आणि यीस्ट एकत्र करून पंधरा मिनिटे झाकून ठेवले म्हणजे पिठातील प्रथिने पाणी शोषून घेतात आणि ‘ग्लुटेन’ नावाचे लवचीक जाळे आपोआप बांधले जाऊ लागते; मग मीठ आणि शेवटी तेल घालून कणीक गुळगुळीत होईपर्यंत तिंबावी. तेल शेवटी घालण्याचे कारण मोहनाच्या अनुभवाने मराठी गृहिणीला ठाऊक आहे, की आधी घातलेला स्निग्धांश पिठाला खुसखुशीत करतो आणि जाळे बांधू देत नाही. अर्ध्या तासाने उंडा तेल लावलेल्या, तीस गुणिले चाळीस सेंटिमीटरच्या पत्र्यावर ठेवून तो आणखी अर्धा-पाऊण तास सैल होऊ द्यावा आणि मगच बोटांनी कडेपर्यंत पसरावा. घाई केली तर कणीक आक्रसते, तिच्याशी झगडण्यापेक्षा दहा मिनिटे थांबणे शहाणपणाचे. तासाभराने ती फुगली की मिठवणीची वेळ येते.

मिठवणीसाठी साठ ग्रॅम कोमट पाणी, चार ग्रॅम मीठ आणि तीस ग्रॅम मिरचीचे तेल घेतले गेले. हे तेल साठ ग्रॅम ऑलिव्ह तेलात कात्रीने कापलेल्या पाच वाळक्या मिरच्या घालून, मंद आचेवर बुडबुडे न येता गरम करून, तासभर मुरवून गाळलेले होते. उरलेले अर्धे नंतरसाठी राखून ठेवले. कालाब्रियाची मिरची भारतीय मापाने मध्यम तिखट म्हणावी अशी आहे, त्यामुळे महाराष्ट्रात हा पाव करताना रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी एखाददुसरी लवंगी असा मेळ घातल्यास चालेल. नुसती लवंगी घातली तर पिठाची आणि तेलाची चव ऐकूच येणार नाही. खळगे पाडून मिठवणी ओतल्यावर त्रोपेआचा कांदा, पातळ चिरून, मीठ लावून, सुटलेले पाणी पिळून, उंचवटे उघडे राहतील इतपतच पसरला. कांद्याचा फोकाच्चा हा मूळचा जेनोवीच प्रकार आहे, कांदा तेवढा दक्षिणेचा झाला. पाऊण तास पुन्हा फुगू देऊन पत्रा दोनशे वीस अंशांच्या ओव्हनमध्ये खालच्या फळीवर अठरा मिनिटे राहिला. बाहेर काढताच राखलेले तेल ब्रशने वर फिरवले आणि पाव लगेच जाळीवर काढला, कारण पत्र्यातच राहिला तर त्याच्याच वाफेने तळ ओला होतो. ज्यांना मांस चालते त्यांनी शेवटच्या चार-पाच मिनिटांत खळग्यांत न्दुयाचे बोराएवढे गोळे ठेवावेत. ते वितळून तांबड्या तेलाची तळी होतात.

पाव गरमागरम खाण्याची उतावीळ येथे थोडी आवरावी लागते, आणि तिलाही कारण आहे. कॅप्सेसिन जिभेवरील ज्या ग्राहकाला चेतवते तोच ग्राहक चटका देणारी उष्णताही ओळखतो. १९९७ मध्ये हा ग्राहक ओळखणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ओव्हनमधून नुकताच निघालेला तिखट पाव दोन्ही वाटांनी त्या एकाच दारावर धडकतो आणि तिखटापुढे बाकी सारे झाकोळते. तो कोमट झाला की आधी मीठ, मग कांद्याचा गोडवा, मग तेल आणि सर्वांत शेवटी घशाच्या मागून हळूहळू चढत येणारे तिखट असा क्रम लागतो. तुकडा जेनोवी पद्धतीने उलटा करून खाल्ला तर हा क्रम अधिकच स्पष्ट होतो.

त्रोपेआच्या त्या खिडकीतून आकाश स्वच्छ असले की समुद्रात स्त्रोम्बोली ज्वालामुखीचा शंकू दिसतो, आणि त्या सायंकाळी तो दिसत होता. अर्धा पाव झाकून खालच्या मजल्यावर घरमालकीण बाईंकडे पाठवण्यात आला. रात्री ताट परत आले तेव्हा ते धुतलेले होते आणि त्यात देठांसकट सहा वाळलेल्या मिरच्या आणि एक जांभळा कांदा ठेवलेला होता.